एक कोटी परार्ध एकशे दोन

देवळालीच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवत आलेल्या एका मास्तरांना ७ जून १९६१ रोजी, बुधवारी, एक संख्या सापडली. ती २५ अंकी होती. वाचायला सोपे जावे म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडले तर ती अशी दिसते:

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

आधी एक, मग एकवीस शून्ये आणि शेवटी एकशे दोन. कुणी सहज फळ्यावर लिहावी आणि तास संपताना पुसून टाकावी, इतकी साधी दिसते. पण तिच्यात जो गुण आहे तो तिच्याहून लहान असलेल्या एकाही संख्येत नाही. मास्तरांचा तसा होरा होता. तो खरा ठरला, मात्र त्यासाठी साठ वर्षे जावी लागली.

या संख्येचा उच्चार कसा करायचा? एकं, दहं, शतं असे घोकत मोठ्या झालेल्या पिढ्यांनाही अब्ज, खर्व, निखर्व यांच्यापुढे फारसे जावे लागले नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘लीलावती’त मात्र अठरा स्थानांची नावे आहेत. महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य असे चढत चढत ती परार्धाशी थांबतात. एक परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्याला एक कोटीने गुणले की एकावर चोवीस शून्ये होतात. म्हणून देवळालीच्या संख्येचे नाव एक कोटी परार्ध एकशे दोन. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. चाळीसगाव आणि देवळाली ही एकाच लोहमार्गावरची स्टेशने आहेत. हा योगायोग खरा, पण या गोष्टीत रेल्वे पुढेही वारंवार भेटणार आहे.

मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. नाशिक-देवळालीच्या लोकांना ते ‘६१७४’मुळे माहीत असतात. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले तेच अंक वजा करावेत आणि जे उत्तर येईल त्याचे पुन्हा तसेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहा. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. नेमक्या सात पायऱ्या लागतात, म्हणजे त्यांच्या जन्मवर्षाने सर्वांत लांबची वाट धरली आहे. या संख्येबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगभरातल्या गणितप्रेमींना देवळाली हे नाव कळले. पण २५ अंकी संख्येचे काम ६१७४ हून खोल आहे आणि त्याच्या मानाने फारच कमी लोकांना ठाऊक आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायला मोठे गणित लागत नाही, पण आकडेमोड सतत लागते. ती गोडी मुलाला वडिलांकडून लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. बरेचसे लेखन छोट्या पुस्तिकांच्या रूपात त्यांनी स्वतःच छापले. त्या पुस्तिकांवर प्रकाशनस्थळ म्हणून देवळालीचे नाव असे.

संख्यांना नावे देताना ते आपल्या आसपासची नावे घेत. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर एक स्टेशन होते, डेम्लो. आजचे डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असेच नाव दिले. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या फक्त एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग केला की मिळतात: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असे करत नऊ एकांपर्यंत पोहोचले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. एकापासून नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे. दहाव्या एकाला हातचा येतो आणि ही सुरेख उतरंड मोडते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. वरच्या सतरा अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने त्या संख्येला नेमका भाग जातो. म्हणजे डोंबिवलीची ही संख्या हर्षदही आहे.

आता देवळालीकडे.

एक साधी चाल आहे. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवायची. १६ घेतले तर १ आणि ६ मिळून ७, म्हणून पुढची संख्या २३. तेवीसचे अंक मिळून ५, म्हणून पुढे २८. कापरेकरांनी या चालीला ‘डिजिटॅडिशन’ म्हटले. इथे १६ हा २३ चा जनक झाला आणि २३ हा २८ चा. एकापासून निघाले तर गाडी अशी जाते: १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. मधल्या सगळ्या संख्या मागच्या कुणापासून तरी आल्या आहेत.

मग कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला. प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नसतो. २० घ्या. १९ पर्यंतची कोणतीही संख्या घेऊन तिचे अंक तिच्यात मिळवा, वीस कधीच येत नाहीत. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ हेही असेच, शिवाय सुरुवातीचे १, ३, ५, ७, ९. शंभराच्या आत अशा तेरा संख्या आहेत. यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. कुणी न घडवलेली, आपोआप प्रकटलेली मूर्ती ती स्वयंभू, हे त्र्यंबकेश्वराच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. याच संख्यांचे दुसरे नाव आहे ‘देवळाली संख्या’. १९६३ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तिका छापली. स्वयंभू संख्या संपत नाहीत. कितीही पुढे गेले तरी दहांमागे जेमतेम एक या प्रमाणात त्या भेटत राहतात.

जनक नसलेल्या संख्या जशा आहेत, तशा एकाहून अधिक जनक असलेल्याही आहेत. एकापासून निघालेली आपली गाडी ९१ वरून १०१ ला पोहोचली. आता ८६ या स्वयंभू संख्येपासून निघा. ८ आणि ६ मिळून १४, म्हणून पुढचे स्टेशन १००. शंभरच्या अंकांची बेरीज १, म्हणून त्यापुढचे १०१. दोन वेगळ्या मार्गांवरून आलेल्या गाड्या १०१ वर एकत्र आल्या. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘जंक्शन’ म्हटले. मनमाडवरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यात याहून नेमका शब्द मिळाला नसता.

१०१ हे सर्वांत लहान जंक्शन. तिथे दोन मार्ग मिळतात. मग तीन मार्गांचे पहिले जंक्शन कोणते? उत्तर एकदम फार दूर जाते: १० ००० ००० ००० ००१. म्हणजे एक, मग बारा शून्ये आणि शेवटी एक. आणि चार मार्गांचे? तिथेच ती २५ अंकी संख्या उभी आहे.

तिचे चार जनक असे:

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १००

१ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० ०९१

९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९०२

९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ९९९ ८९३

पहिलीच्या अंकांची बेरीज २ आहे, दुसरीची ११, तिसरीची २०० आणि चौथीची २०९. ज्याने त्याने आपली बेरीज आपल्यात मिळवली की चौघेही एकाच जागी येतात. पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत पडताळून पाहता येईल. पाहावेच, कारण एवढ्या मोठ्या संख्येबद्दलचे विधान स्वतःच्या हाताने खरे करून पाहण्याची संधी क्वचित मिळते.

असे का होते, ते समजायला एका घाटाची कल्पना करावी. ९९ च्या अंकांची बेरीज १८ आहे, तिच्या पुढच्या १०० ची फक्त १. एक पाऊल पुढे टाकले आणि बेरीज कड्यावरून खाली आल्यासारखी कोसळली. चोवीस नऊ ओळीने लिहिले तर बेरीज २१६ होते. पुढच्याच संख्येत, म्हणजे एकावर चोवीस शून्यांत, ती १ उरते. कड्याच्या अलीकडच्या संख्या दोनशे-दोनशे घरांची लांब उडी मारतात, पलीकडच्या दोन किंवा अकरा घरांची आखूड. अलीकडून आलेल्या लांब उड्या आणि पलीकडच्या आखूड उड्या एकाच जागी टेकतील, अशी जागा शोधायची आहे.

मग घाट एवढा उंच का, चोवीसच नऊ का? इथे या संख्येचे सगळ्यात सुंदर अंग दिसते. पलीकडून येणाऱ्या दोन वाटा जुळतात, कारण १०१ हे स्वतः जंक्शन आहे. त्याचे जनक ९१ आणि १००, आणि तेच आकडे वरच्या पहिल्या दोन जनकांच्या शेपटाला दिसतात. अलीकडून येणाऱ्या दोन वाटा जुळतात त्या ११३ या दुसऱ्या लहान जंक्शनमुळे. ९७ मध्ये १६ मिळवले तरी ११३ आणि १०६ मध्ये ७ मिळवले तरी ११३. दोन्ही बाजूंचा मेळ बसायला एकच अट आहे: त्या दोन जंक्शनांच्या बेरजेत आणखी २ मिळवले की नऊने भाग गेला पाहिजे, कारण प्रत्येक ९ हा अंक बेरजेत नऊच टाकतो. १०१ पासून ११७ पर्यंतची सगळी जंक्शने विषम आहेत: १०१, १०३, १०५ अशी. त्यांतल्या कोणत्याही दोघांची बेरीज अधिक दोन घेतली तर ती सम येते आणि कमीत कमी २०४ असते. २०४ नंतर नऊने भाग जाणारी पहिली सम संख्या २१६, आणि २१६ म्हणजे चोवीस वेळा नऊ. म्हणून चोवीस. तळाशी असलेली दोन छोटी जंक्शने वर एक कोटी परार्धाच्या उंचीवर चार मार्गांचे जंक्शन उभे करतात.

चारच जनक आहेत, पाचवा कुठे दडलेला नाही, हेही हाताने तपासता येते. पंचवीस अंकांची बेरीज जास्तीत जास्त २२५. त्यामुळे जनक असलाच तर तो मागच्या २२५ संख्यांतच असणार, त्याआधीच्या कोटी परार्ध संख्यांकडे पाहायची गरजच नाही. शाळेत शिकलेली नवाची कसोटी लावली की त्या २२५ मधल्याही बहुतेक गळतात. जनकाच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागल्यावर बाकी २ च उरली पाहिजे. म्हणजे बेरीज २, ११, २०, २९ अशी नऊ-नऊने वाढत २१८ पर्यंत. उमेदवार उरले फक्त पंचवीस. ते एकेक करून तपासले की चारच टिकतात. यंत्राचे काम नाही, वहीचे एक पान पुरते.

पण “या संख्येला चार जनक आहेत” हे एक विधान झाले आणि “चार जनक असलेली ही सर्वांत लहान संख्या आहे” हे दुसरे. दुसऱ्या विधानासाठी तिच्या आधीच्या सगळ्या संख्यांबद्दल काही ठामपणे सांगावे लागते. त्या एकेक करून तपासणे आजच्या संगणकांनाही झेपणारे नाही. कापरेकरांनी ते अनुमान म्हणून मांडले. पुढे १९६६ मध्ये नरसिंग राव यांनी पाच जनकांची एक संख्या दाखवली: एकावर इतकी शून्ये लिहायची की त्या शून्यांची गणतीच १,११,१११ कोटी ११ लाख ११ हजार १२४ भरावी, आणि मग त्यात तेच १०२ मिळवायचे. सेकंदाला एक अंक या वेगाने न थांबता लिहीत बसले तर ही संख्या लिहायला पस्तीस हजारांहून अधिक वर्षे लागतील. याही संख्येची बांधणी तशीच आहे. तिच्या पोटात तीन मार्गांचे एक लहान जंक्शन आहे.

या सगळ्या संख्या आपापल्या प्रकारात खरोखर सर्वांत लहान आहेत का, हा प्रश्न अनेक दशके तसाच राहिला. २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव आणि नील स्लोन यांनी कापरेकरांच्या जंक्शन संख्यांवरच निबंध लिहिला. लहान जंक्शनांतून मोठी कशी घडतात याची सूत्रे त्यांनी बांधली आणि त्यातून सिद्ध केले की कापरेकरांचे चार जनकांचे उत्तर बरोबर होते, राव यांचे पाच जनकांचेही. स्लोन हे नाव संख्यांच्या जगात मोठे आहे. पूर्णांकांच्या अनुक्रमांचा जो कोश आज जगभरचे गणिती वापरतात, तो त्यांनी १९६४ पासून जमवत आणला.

कापरेकरांच्या हयातीत देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाला करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही. त्यामागे एक आक्षेप होता आणि तो निव्वळ हेटाळणीचा नव्हता. अंकांची बेरीज हा संख्येचा गुण नसून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे, असे म्हणता येते. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून १०१ ला दोन जनक आहेत. आठाच्या पटीत मोजले असते तर जंक्शने वेगळीच निघाली असती. हे खरेच आहे. पण २०२१ च्या निबंधातली सूत्रे कोणत्याही पटीला लागू पडतात. लिहिण्याची पद्धत बदलली की उत्तरे बदलतात, प्रश्न मात्र टिकतो, आणि तो प्रश्न देवळालीतून आला होता. ज्यांनी त्या पुस्तिका वरवर चाळून बाजूला ठेवल्या, त्यांनी एक चांगला प्रश्न दवडला, असेच आज म्हणावे लागते.

निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरत नसे म्हणून कापरेकर गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. संख्यांचे काम चालूच होते. दारू पिणाऱ्याला जसे त्या सुखद अवस्थेतून बाहेर यावेसे वाटत नाही, तसे आपले संख्यांच्या बाबतीत होते, असे ते स्वतःच सांगत. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

इगतपुरीहून घोटी, पाडळी, अस्वली, लहवित अशी स्टेशने घेत गाडी आजही देवळालीला येते आणि पुढे नाशिक रोड, मनमाडकडे निघते. संख्यांच्या रुळावर चार दिशांनी आलेल्या गाड्या एक कोटी परार्ध एकशे दोन या जंक्शनावर एकत्र होतात. इथल्या अंकांची बेरीज चार, म्हणून पुढचे स्टेशन एक कोटी परार्ध एकशे सहा. तिथली बेरीज आठ, म्हणून त्यापुढचे एकशे चौदा. मग एकशे एकवीस, आणि तिथून पुढे एकाच रुळावरून.